पलंगाच्या पोटात काय आहे?

मघाशी एका ताईंनी विचारलं, 'डॉक्टर, मुलाला धुळीची ॲलर्जी आहे, सोफा कोणता घेऊ?' सोफ्याकडे येतो, पण आधी पलंग बघू. रात्रीचे सात-आठ तास आपलं नाक उशीत खुपसलेलं असतं. सोफ्याच्या वाट्याला एवढा सहवास येत नाही.

आपण 'धूळ' म्हणतो, पण बऱ्याच घरांत शिंका आणतो तो धुळीतला डस्ट माइट. आठ पायांचा, गोचिडीच्या जातकुळीतला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेली कातडी खातो, आणि आपल्याला बाधते ती मुख्यतः त्याची विष्ठा. तो पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनला व्होरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी ॲलर्जीचं खापर या जिवावर फोडलं, तेव्हाच ओलसर घरांत तो जास्त असतो हेही त्यांना दिसलं. हवेतली आर्द्रता सतत ५० टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. आता जुलैतली मुंबई आठवा. चंगळच की त्याची!

त्यात आपल्याकडे जागेची मारामार, म्हणून बॉक्सचा पलंग. घरी गेल्यावर फळी उचलून बघा. आधी कुबट वास येईल. मग पाहुण्यांच्या गाद्या, आजीच्या गोधड्या, कुणाचा तरी लहानपणचा स्वेटर. वर प्लायवूड, त्यावर गादी. रात्रभरचा घाम खाली झिरपतो आणि वारा नाही म्हणून तिथेच मुरतो. ॲलर्जीवाल्याच्या खोलीत पट्ट्यांचा, उंच पायांचा पलंग बरा. खालून वारा खेळतो, ओलं फडकंही फिरतं. बॉक्स आहेच, तर त्यात स्टीलची भांडी ठेवा.

गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घाला. चादरी, अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्यानं माइट मरत नाहीत. गाद्या कडक उन्हात टाकायची आपली रीत चांगलीच आहे, पण उन्हानं किडे मेले तरी विष्ठा आतच राहते, म्हणून खोळ हवीच. आणि गादी बडवायचं काम ज्याला ॲलर्जी आहे त्याच्याकडे देऊ नका! पुढचा अर्धा तास त्यानं त्या खोलीत येऊही नये.

आता सोफा. वेताचा किंवा लाकडी, सुट्या गाद्यांचा, ज्यांचे अभ्रे निघतात आणि धुता येतात. नाहीतर पुसता येणारं रेक्झिन. मखमल नको.

एकदा एक बाई तक्रार घेऊन आल्या, 'रेक्झिनचा सोफा घेतला, तरी पोरगा शिंकतोच.' मी फोटो मागवला. रेक्झिन खराब होऊ नये म्हणून सोफाभर जाड मखमली कव्हर घातलेलं. म्हटलं, हे धुता कधी? म्हणाल्या, 'दिवाळीला.'