आखरावरची वेळ

पहाट. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. आखराच्या मोकळ्या जागेवर गावची ढोरं जमताहेत, त्यांना रानात चारायला नेणारा गायकी अजून यायचा आहे. ओट्यावरचे बाबाजी म्हणतात, "येईनच तो आता. तांबडं फुटलं नं." त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही. गायकी येतो.

इथल्या दिवसाला नावं आहेत. झुंजूमुंजू. कासराभर दिवस. ढोरं परतायची वेळ. दिवेलागण. निजानीज. लग्नपत्रिकेतला गोरज मुहूर्त तरी काय? परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडणाऱ्या धुळीची वेळ.

दक्षिण सुदानातले नुएर लोकही गुरं राखतात. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड १९३०च्या दशकात त्यांच्यात राहिले. नुएरांचा दिवस गुरांच्या कामांवर चालतो, असं त्यांनी नोंदवलं. 'वेळ वाया गेला' असं म्हणायची सोयच त्या भाषेत त्यांना सापडली नाही. स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. आपल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजत. चोवीस मिनिटांची एक, दिवसरात्रीच्या साठ. पाण्यात तरंगणारी भोकाची वाटी बुडाली, की घटका भरली.

जपानात २०१७ साली त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी वीस सेकंद आधी सुटली, तर कंपनीनं जाहीर माफी मागितली. आमच्याकडे पत्रिकेवर मुहूर्त अकरा पस्तीसचा आणि अक्षता पडतात दोनला. नवरदेवाच्या मामाची गाडी वाटेत आहे, मग अंतरपाट कसा धरायचा? माणसासाठी थांबणं हा इथं त्याचा मान आहे. उपाशी लेकरांना आणि सकाळपासून राबणाऱ्या बायकांना हा मान जड जातो, हेही तितकंच खरं.

पण त्यावरून कुणी या माणसांना वेळेची किंमत नाही म्हणालं, की मला राग येतो. त्यानं जूनमध्ये इथं यावं.

मृग लागतो सात-आठ जूनला. पाऊस पडला म्हणून लगेच पेरत नाहीत. पाऊणशे ते शंभर मिलिमीटर होईस्तोवर थांबा, असं कृषी विभागही सांगतो. मग वाफशाची वाट. काळी जमीन ओली असेल तर पायाला चिकटते, पेरणीची तिफण चालत नाही. सुकली तर बी उगवत नाही. मधले दोन-तीन दिवस, तेवढीच खरी वेळ. शेतकरी मूठभर माती दाबतो, गोळा करतो, खाली टाकतो. गोळा फुटून मोकळा झाला, की त्याच दिवशी सगळ्या शिवारात एकदम धांदल. सरकीचं बी मातीत टोबायला बायका उजाडायच्या आत शेताच्या धुऱ्यावर हजर. त्या दिवशी कुणी कुणासाठी थांबत नाही. चुकलं तर दुबार पेरणी, आणि बियाण्याची उधारी दुप्पट.

देशाची एकच प्रमाणवेळ १९०६ साली ठरली. तरी मुंबईची एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. या शिवारात घड्याळ नेमकं कुठून शिरलं? मला वाटतं, विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीतून.

डिसेंबर. हरभऱ्याला पाणी द्यायचंय. या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईन, म्हणजे वीज, रात्रीची, बारा वाजता यायची. आत्ता साडेअकरा झालेत. मघाशी लग्नात मामासाठी थांबलेला तोच माणूस अंगावर घोंगडं घेऊन स्टार्टरपाशी बसलाय, मोबाईलवर मिनिटं पाहत.

बारा वाजले. लाईन आली नाही. तो बसून आहे.