कॅमेरा बिघडलाय की हॉलची लाइट?

नमस्कार मंडळी. आज कॅमेऱ्याच्या एका दुखण्याबद्दल, एकाच सेटिंगवर सलग काढलेले फोटो कधी उजळ कधी काळपट येण्याबद्दल, बोलायचंय, जे उन्हात कधी दिसत नाही, आणि मंगल कार्यालयात, नाटकाच्या थेटरात, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये शिरलं की हमखास दिसतं. त्यापायी कितीतरी पोरांनी चांगले चालते कॅमेरे दुरुस्तीला टाकलेत, काहींनी तर विकूनही टाकलेत, म्हणून मला हे अगदी मनापासून सांगायचंय.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. मंगलाष्टकं संपली, शेवटचं सावधान झालं, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या, आणि फोटोग्राफरने बटण दाबून धरलं, खटाखट दहा-बारा फ्रेम. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर पहिला फोटो बरोबर, दुसरा काळपट, तिसरा परत बरोबर, चौथ्यात नवरीचा चेहरा मातकट पिवळा आणि शालूचा खालचा भाग काळवंडलेला. सेटिंग बघावं तर मॅन्युअल मोड (सगळं आपण ठरवायचं), शटर ८०० (म्हणजे सेकंदाचा आठशेवा भाग उघडं), अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) तेच, आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) तोच. मग तो म्हणतो, मीटर (कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र) गेलं वाटतं.

आता मॅन्युअलमध्ये सगळं फिक्स असेल तर मीटरला तिथे कामच नाही, ते फक्त काटा दाखवतं, फोटो उजळ-काळा करत नाही. (आयएसओ ऑटोवर राहिलेला नाही ना, एवढं मात्र आधी बघा, कारण मॅन्युअल मोडमध्येही ऑटो आयएसओ चालू राहतो आणि मग प्रत्येक फ्रेमला मीटरच निर्णय घेत बसतं.) आयएसओही फिक्स आहे आणि तरी फ्रेम बदलतायत म्हणजे बहुतेक वेळा एकच गोष्ट उरते, प्रकाशच बदलतोय.

आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची. एका सेकंदात तिची ५० आवर्तनं होतात, आणि प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शून्यावर येते, म्हणून त्या विजेवर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि १०० वेळा मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला लगेच कळतं. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये हा त्रास कमी, कारण तार तापलेली असते, ती एवढ्याशा वेळात थंडच होत नाही. पत्र्याच्या जड चोकच्या ट्यूबलाइटमध्ये जास्त. इलेक्ट्रॉनिक चोकवाल्या ट्यूब बऱ्या, त्या हजारो हर्ट्झवर चालतात. आणि एलईडीचं म्हणाल तर सगळं आतल्या ड्रायव्हरवर (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर) आहे, चांगला ड्रायव्हर असेल तर प्रकाश स्थिर, स्वस्तातला असेल तर ट्यूबलाइटपेक्षा वाईट.

आता हिशोब बघा, कारण एकदा हा हिशोब डोक्यात बसला की सगळं सुटतं. उजळ-मंद-उजळ असा एक फेरा १० मिलिसेकंदांचा. तुमचं शटर ८०० ला असेल तर ते उघडं राहतं सव्वा मिलिसेकंद, म्हणजे त्या फेऱ्याचा जेमतेम आठवा हिस्सा. तो हिस्सा उजळाचा आला तर फोटो लख्ख, मंदाचा आला तर काळा, आणि कुठला येईल हे तुमच्या बोटाच्या हातात नाही. रंगही त्यानेच बदलतो, कारण ट्यूबच्या आतल्या लेपात वेगवेगळ्या रंगांची चमक वेगवेगळ्या वेगाने विझते, मंद क्षणाला पिवळा-तांबूस जास्त उरतो, तोच नवरीच्या चेहऱ्यावर दिसतो. आणि तो अर्धवट काळा पट्टा? वेगवान शटरमध्ये सेन्सर एकदम पूर्ण उघडत नाही, दोन पडद्यांमधली एक फट फ्रेमवरून सरकत जाते, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाईपर्यंत प्रकाश बदललेला असतो. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर आणखी वाईट, कारण कित्येक कॅमेऱ्यांना अख्खा सेन्सर वाचायला यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि एकाच फोटोत दोन-दोन, तीन-तीन पट्टे पडतात. हॉलमध्ये मेकॅनिकल शटरच ठेवा.

मग शटर १०० ला ठेवलं तर? १० मिलिसेकंद, म्हणजे बरोबर एक पूर्ण फेरा, कुठूनही सुरू झाला तरी बेरीज तीच. ५० ला दोन पूर्ण फेरे. म्हणून आपल्याकडे १०० आणि ५० हे दोन आकडे सोन्याचे आहेत. १२५ ला थोडा फरक राहतो, ६० लाही राहतो. अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून आपली मुलं ६० आणि १२५ लावतात, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची, त्यांचे आकडे त्यांच्या विजेला जुळतात, आपल्याला नाही. अक्षता १०० ला थोड्या हललेल्या येतील, येऊ देत की, मला तर त्या हललेल्याच जास्त आवडतात, आणि नवरा-नवरी त्या क्षणाला बहुतेक स्तब्धच उभे असतात.

पण खात्री कशी करायची की दोष लाइटचाच आहे? घरी करून बघा. रात्री खोलीत एकच ट्यूब किंवा एकच एलईडी, समोर कोरी भिंत, कॅमेरा ट्रायपॉडवर नाहीतर टेबलावर घट्ट. मॅन्युअल मोड, आयएसओ फिक्स, व्हाइट बॅलन्स (रंगांची सेटिंग) फिक्स, फोकस मॅन्युअल. शटर ५०० ला ठेवून एकाच दमात वीसेक फोटो घ्या. मग आयएसओ कमी करून शटर ५० ला आणा आणि तेवढेच परत. ५०० वाल्यात चढउतार आणि ५० वाले सगळे सारखे, असं दिसलं तर कॅमेरा ठणठणीत आहे. ५० ला पण फरक पडतोय, तर कॅमेऱ्याकडे वळा. दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र असताना गॅलरीत जा, तिथली कोरी भिंत धरा, आधी अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या, मग एफ ८ ला (म्हणजे भोक लहान करून), शटर त्याप्रमाणे बदलून. पूर्ण उघड्यावर सगळे सारखे आणि एफ ८ ला मात्र मागेपुढे होतायत, तर लेन्समधल्या अॅपर्चरच्या पात्या अडकतायत, तेल उतरलेल्या जुन्या लेन्समध्ये हे नेहमी होतं. पूर्ण उघड्यावरही होतंय तर संशय शटरवर. आणि लेन्सच्या मागचे ते छोटे सोनेरी कॉन्टॅक्ट आधी मऊ सुक्या कापडाने पुसून घ्या, निम्म्या तक्रारी नाही म्हणणार मी, पण काही तिथेच मिटतात.

आता दुसरं दुखणं, जे पहिल्यासारखंच दिसतं पण वेगळं आहे, आणि इथे मात्र मीटरचा खरोखर संबंध येतो. नाटकाचे फोटो काढणाऱ्यांना विचारा. बालगंधर्वला किंवा यशवंत नाट्य मंदिरात बसलात, मागे काळा पडदा, मधे एका नटावर स्पॉट. ऑटो मोडमध्ये मीटर अख्खी फ्रेम बघतं, त्याला सगळीकडे काळं दिसतं, ते म्हणतं अंधार आहे, उजळवा, कारण मीटरला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं करायचं असतं, तेवढंच त्याला शिकवलंय. परिणाम, पडदा राखाडी आणि नटाचा चेहरा पांढरा फट्ट, डोळे-नाक गायब. लग्नातल्या संगीतच्या स्टेजवर याच्या उलट, मागे लखलखणारी एलईडी वॉल, मीटर घाबरून फोटो काळा करतं आणि नाचणाऱ्या बहिणी-भावजया सावल्यांसारख्या येतात. आणि नट दोन पावलं पुढे आला की फ्रेममध्ये उजेडाचं प्रमाण बदलतं, मीटर परत मत बदलतं. लाइट तीच, चेहराही तोच, तरी फोटो वेगळे.

यावर स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्यावरच उजेड मोजणं) लावा असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं. ऑटो मोडमध्ये स्पॉट लावला आणि तो ठिपका गालावरून काळ्या केसांवर सरकला की झालं, पुढचा फोटो दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळ. माझं मत विचाराल तर स्पॉटने चेहऱ्यावर एकदा वाचून घ्या, तो आकडा मॅन्युअलमध्ये टाका, एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोत उजळ-काळं किती ते दाखवणारा आलेख) बघा, आणि मग स्टेजची लाइट बदलेपर्यंत काही हलवू नका. हिस्टोग्राम तीन रंगांचा वेगवेगळा बघा, कारण लाल किंवा निळ्या पार लाइटमध्ये (स्टेजच्या रंगीत दिव्यांत) एकूण हिस्टोग्राम शहाण्यासारखा दिसतो आणि आतला तो लाल किंवा निळा रंग केव्हाच फाटलेला (हद्दीबाहेर गेलेला) असतो, तो नंतर एडिटिंगमध्ये परत येत नाही. डीएसएलआर ट्रायपॉडवर असेल आणि तुमच्या पाठीमागे हॅलोजन असेल तर व्ह्यूफाइंडरमधून मागचा उजेड आत शिरून मीटर फसवतो, तिथे हात धरा किंवा झाकण लावा.

अँटी फ्लिकरबद्दल सगळे विचारतात. २०१४ साली कॅननने सेव्हन डी मार्क टू मध्ये ते आणलं, आता बऱ्याच कॅमेऱ्यांत आहे. कॅमेरा लाइटचा फेरा ओळखतो आणि ती सगळ्यात उजळ असताना शटर उघडतो. बॅडमिंटनवाल्यांनी जरूर वापरावं, त्यांना शटर १०० चालतच नाही. बर्स्ट (सलग फोटोंचा वेग) थोडा मंदावतो, तेवढं सोसा. पण ते १०० आणि १२० च्या थरथरीसाठी आहे. डिमरवर मंद केलेल्या एलईडी आणि एलईडी वॉल याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात, तिथे ते चालत नाही. तिथे शटर खाली आणा, नाहीतर लाइटवाल्या दादांना डिमर पूर्ण उघडायला सांगा, पुष्कळदा तेवढ्याने पट्टे जातात.

व्हिडिओवाल्यांनी २५ फ्रेम आणि शटर ५० ठेवावं. नातेवाइकांनी अमेरिकेहून कॅमेरा आणला असेल तर मेनूत एनटीएससी (अमेरिकेची ६० हर्ट्झला जुळणारी व्हिडिओ पद्धत) असेल, ते पाल (आपल्या ५० हर्ट्झला जुळणारी) करून घ्या. मोबाइलच्या कॅमेरा अॅपमध्ये फ्लिकरचा ऑप्शन असेल तर तिथे ५० हर्ट्झ निवडा. आणि वीज गेली, कार्यालय जनरेटरवर गेलं तर लोड कमी-जास्त झाला की त्याचे हर्ट्झही वर-खाली होतात, १०० ला सुद्धा पुसट फरक दिसू शकतो, तेव्हा ५० ला उतरा, ते जास्त फेरे पोटात घेतं.

एवढं सगळं करून कॅमेऱ्यातच दोष निघाला तर सर्व्हिस सेंटरला नुसतं "एक्स्पोजर नीट येत नाही" असं सांगू नका. घरातल्या ट्यूबखालचे ते दोन्ही सेट आणि गॅलरीतले दोन्ही सेट, न कापता, एडिट न करता, पेनड्राइव्हमध्ये टाकून घेऊन जा, आणि कॅमेऱ्यासोबत ज्या लेन्सने ते काढले तीच लेन्स द्या.