फी कुठे लिहिलीय? काउन्सेलरच्या वेबसाइटबद्दल थोडं

नमस्कार मंडळी. आज वेबसाइटबद्दल बोलायचंय, पण घाबरू नका, कोडिंगबिडिंग काही नाही. विषय आहे काउन्सेलर, थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट लोकांच्या वेबसाइटचा. मी अशा साइट्स बनवते, जुन्या असतील तर नव्याने मांडून देते. ऐकणाऱ्यांत काउन्सेलर थोडेच असतील, पण त्यांची साइट कधी ना कधी गुपचूप उघडून बघितलेले बरेच असतील, म्हणून दोघांशीही बोलते.

आधी हे बघा की ही साइट उघडतं कोण. सोफा घ्यायचा असेल तर माणूस आरामात दहा साइट्स बघतो, चहा पीत. इथे येणारा माणूस कित्येक महिने जाऊ की नको करत असतो आणि मग एका रात्री, बाजूला कोणीतरी झोपलेलं, मोबाइलचा ब्राइटनेस कमी करून, तो साइट उघडतो. आणि त्याला काय दिसतं, तर सूर्यास्त. नाहीतर एकावर एक रचलेले गुळगुळीत दगड, नाहीतर हात पसरून डोंगरावर उभी असलेली बाई. त्याखाली आपोआप सरकणारे मोठ्ठे फोटो, प्रत्येकावर इंग्रजीत एक सुविचार. फी कुठेच नाही. फोन नंबर आहे पण तो फोटोतच छापलाय, बोट लावलं तरी लागत नाही. आणि हे बघेपर्यंत मधेच चौकोन उघडतो की तुमचं नाव, मोबाइल, ईमेल द्या. अहो, त्याला अजून तुम्ही कोण हेच कळलं नाहीये!

मी रिडिझाइनचं काम घेतलं की रंग आणि लोगोवर बोलायच्या आधी क्लिनिकमधे फोन कोण उचलतं ते विचारते आणि त्या ताईंशी किंवा दादांशी बोलते. लोक फोनवर काय विचारतात ते त्यांना तोंडपाठ असतं. फी किती. मराठीत बोललं तर चालेल ना. मॅडम आहेत की सर. गोळ्या देतात का. किती वेळा यावं लागेल. मुलाला आणायचंय, आम्ही आत बसायचं की बाहेर. लिफ्ट आहे का. आणि सगळ्यात शेवटी, आवाज थोडा खाली आणून, घरी कळणार नाही ना. बस, हेच तुमचं होमपेज, याच क्रमाने नसेल पण हेच.

फीवरून मात्र दरवेळी वाद होतो. थेरपिस्ट म्हणतात, आकडा बघून लोक पळून जातील. माझं म्हणणं, ज्याला परवडत नाही तो फोन केल्यावरही येणार नाहीच, फक्त तेव्हा त्याला वर ओशाळवाणंही वाटेल आणि पुन्हा दुसरीकडे फोन करायची हिंमत होणार नाही. त्यामुळे आकडा लिहा, सेशन किती मिनिटांचं ते लिहा, आयत्या वेळी रद्द केलं तर काय ते लिहा, विद्यार्थ्यांना सवलत देत असाल तर तेही लपवू नका.

आता विश्वासाचं. आपल्याकडे गंमत अशी आहे की स्वतःला काउन्सेलर म्हणवायला फारसं काही लागत नाही, वीकेंडचा कोर्स करून लाइफ कोचची पाटी लावणारेही आहेत. सायकायट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, गोळ्या ते देतात, त्यांचं रजिस्ट्रेशन मेडिकल काउन्सिलचं असतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी भारतीय पुनर्वास परिषद आहे, आरसीआय, १९९२ च्या कायद्याने झालेली, तिच्या रजिस्टरमधे नाव असतं आणि नंबर मिळतो. तो नंबर साइटवर नावाखालीच लिहा ना. आणि श्रोतेहो, तो दिसला नाही तर बिनधास्त विचारा, चांगल्या माणसाला राग येत नाही. जे एमए करून समुपदेशन करतात त्यांनी तसं सरळ लिहावं, कुठे शिकलो, कोणत्या प्रकारची थेरपी करतो, कोणत्या केसेस घेत नाही. हे शेवटचं कुणीच लिहीत नाही, पण व्यसनाच्या केसेस आम्ही घेत नाही असं लिहिलेलं वाचलं की मला तरी त्या माणसाबद्दल जास्त भरवसा वाटतो.

फोटो स्वतःचा हवा, साधा, कॅमेऱ्याकडे बघणारा. खोलीचा हवा, खऱ्या खोलीचा, तीच खुर्ची तोच पंखा. आणि इमारतीच्या दाराचा हवा, कारण पहिल्यांदा येणारा माणूस रस्त्यावर उभा राहून तुमची पाटी शोधतोय आणि ओळखीचं कुणी बघेल म्हणून कानकोंडा झालाय, तर त्याला आधीच माहीत असू दे की मेडिकल स्टोअरच्या बाजूच्या जिन्याने पहिल्या मजल्यावर यायचं.

ते अभिप्राय, टेस्टिमोनियल म्हणतात ते, मी काढायलाच लावते. रडून मोकळं झालेल्या माणसाला दोन ओळी लिहून द्या म्हणायचं, तर तो नाही कसा म्हणेल? आणि वाचणाऱ्याच्या मनात येतंच की उद्या माझंही असंच छापतील की काय.

फॉर्मबद्दल जरा जास्त बोलते कारण खरा घोळ तिथे आहे. बऱ्याच साइट्सवर एक मोठा रिकामा चौकोन असतो, तुमची समस्या सविस्तर लिहा. आणि माणूस रात्री लिहितो हो, सगळं लिहितो, लग्नाचं, वडिलांचं, जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते, आणि ते जातं क्लिनिकच्या एका साध्या मेलवर जो तीन जण उघडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय, २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा म्हणतो की माहिती घेताना संमती सोप्या भाषेत मागा आणि ती मराठीतही वाचता आली पाहिजे. पण कायदा राहू दे बाजूला, जी माहिती घेतलीच नाही ती फुटणारही नाही. हाक मारायला एक नाव, खरं नसलं तरी चालेल, फोन नंबर, कधी फोन केलेला चालेल, आणि एक प्रश्न जो मी प्रत्येक फॉर्ममधे घालते: दुसऱ्या कुणी फोन उचलला तर काय सांगू? सासूबाईंनी फोन घेतला आणि पलीकडून काउन्सेलिंग सेंटरमधून बोलतोय असं ऐकू आलं, की संपलं.

हे अती वाटत असेल तर फिनलंडचं ऐका. वास्तामो नावाची थेरपीची मोठी संस्था होती तिथे. तिच्या पेशंटच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मधे चोराने थेट पेशंटनाच मेल पाठवले, पैसे द्या नाहीतर तुम्ही थेरपिस्टला काय सांगितलं ते जगजाहीर करतो. हजारो लोकांच्या नोंदी होत्या. संस्था दिवाळखोरीत गेली. आणि अमेरिकेत बेटरहेल्प, ऑनलाइन थेरपीवाले, त्यांनी लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली माहिती जाहिरातीसाठी फेसबुक वगैरेंना दिली असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता, २०२३ मधे ७८ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. आपल्या छोट्या क्लिनिकचं काय म्हणाल, तर जाहिरात करणारा मुलगा येतो आणि साइटवर फेसबुकचा ट्रॅकर, म्हणजे कोण कुठलं पान बघतंय ते फेसबुकला कळवणारा छुपा कोड, टाकून जातो, डॉक्टरांना पत्ताही नसतो. मग नैराश्याचं पान वाचणाऱ्याला दिवसभर नैराश्याच्याच जाहिराती, तेही घरातल्या टीव्हीला जोडलेल्या मोबाइलवर. तो ट्रॅकर मी पहिल्या दिवशी काढते.

बाकी दिसण्याचं थोडक्यात. फिकट करड्या रंगाची बारीक अक्षरं नकोत, साध्या अँड्रॉइडवर उन्हात काही दिसत नाही. मराठीसाठी ओळींमधे जागा इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. आणि मराठी पान माणसाकडूनच लिहून घ्या, ते बटण दाबून आपोआप होणारं भाषांतर दुखावलेल्या माणसापुढे ठेवू नका.

एक नंबर मात्र प्रत्येक पानावर वरच, बोट लावलं की लागणारा: १४४१६. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुमचं क्लिनिक रात्री बंद असतं हे तिथेच शेजारी स्पष्ट लिहा. आत्ता ऐकणाऱ्यांपैकी कुणाला लागत असेल तर लिहून घ्या, १४४१६.

साइट झाली की चारपाच जणांना दाखवा, पण चालू पेशंटना नको, ते चांगलंच म्हणणार. शेजारच्या काकू, भाचा, सोसायटीचे सेक्रेटरी कुणीही. मोबाइल हातात द्या, सांगा की मंगळवारी संध्याकाळची वेळ घेऊन दाखवा, आणि मग गप्प बसा. मदत करायची नाही! काकू जिथे अडकतील तिथे साइट चुकलीय, काकू नाही.

आणि गूगलचं राहिलंच. तिथे कुणी तुमच्याबद्दल वाईट लिहिलं की हात शिवशिवतात उत्तर द्यायला, तुम्ही तिसऱ्या सेशननंतर आलाच नाहीत वगैरे. चांगलं लिहिलं तरी थेरपीला आल्याबद्दल आभार म्हणावंसं वाटतं. दोन्ही नको, कारण उत्तर दिलंत की तो माणूस तुमच्याकडे येत होता हे तुम्हीच सगळ्या गावाला सांगितलंत. अगदीच राहवत नसेल तर, आम्ही कुणाबद्दलही इथे बोलत नाही, काही सांगायचं असेल तर क्लिनिकला फोन करा, एवढं लिहा आणि तेच वाक्य सगळ्यांना लावा, कौतुक करणाऱ्यांनाही.