फुप्फुसाच्या कॅन्सरची गोळी काही महिन्यांनी काम करेनाशी का होते?

नमस्कार. फुप्फुसाच्या कॅन्सरवर गोळी सुरू होते, गाठ लहान होते, धाप कमी होते. आणि मग एखाद्या स्कॅनमध्ये ती परत वाढलेली दिसते. घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो: आमचं काही चुकलं का? तर नाही, बहुतेक वेळा तुमचं काहीच चुकलेलं नसतं. गाठच बदललेली असते.

गाठीची सुरुवात एका पेशीपासून होते, पण वाढता वाढता डीएनएमध्ये नवे बदल होत जातात. झाडासारखं बघा: खोडातला बदल सगळ्या पेशींत असतो, फांदीतला त्या फांदीपुरता. लंडनचे चार्ल्स स्वॉन्टन आणि सहकाऱ्यांनी ट्रेसरएक्स या अभ्यासात एकाच गाठीचे वेगवेगळे भाग तपासले. पहिल्या १०० पेशंटचे निष्कर्ष २०१७ साली आले, आणि एकाच गाठीच्या दोन भागांत वेगळे बदल दिसले. बायोप्सीच्या सुईत येतो तो यातला एक छोटा तुकडा.

पेशीला वाढायचा निरोप देणाऱ्या ईजीएफआर जनुकातला बदल बहुधा खोडातला असतो, म्हणून त्यावरची गोळी सुरुवातीला इतकी छान लागू पडते. जेफिटिनिब, एर्लोटिनिब या जुन्या गोळ्या थकल्या, की जवळपास निम्म्या पेशंटमध्ये टी७९०एम नावाचा बदल सापडतो. त्यावर ओसिमर्टिनिब आलं. हे औषध ईजीएफआर प्रथिनातल्या ७९७व्या जागेवरच्या सिस्टीनला, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्याला, कायमचं चिकटतं. काही पेशी नेमकं ते सिस्टीनच बदलतात, आणि औषधाला धरायला जागा उरत नाही. काही पेशी मेट जनुकाच्या जादा प्रती करून दुसऱ्या वाटेने वाढतात. थोड्या पेशंटमध्ये तर कॅन्सरचा प्रकारच बदलून स्मॉल सेल हा फुप्फुसाचा वेगळाच कॅन्सर होतो, तिथे केमोथेरपीही वेगळी लागते.

म्हणून मला अगदी कळकळीने सांगायचंय: गाठ वाढली, की पुढचं औषध ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा, "परत तपासणी करता येईल का?" आधी रक्तातून तपासणी होऊ शकते, कारण गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. पण रक्तात बदल सापडला नाही, म्हणजे तो गाठीत नाहीच असं समजू नका. कधीकधी ते तुकडे फार कमी असतात. आणि स्मॉल सेलची खात्री करायची तर पेशी मायक्रोस्कोपखाली बघाव्याच लागतात. तिथे बायोप्सीला पर्याय नाही.