हिरवळीवरचा बुधवार

(दृश्य : सकाळचं रिकामं सेंटर कोर्ट, ताजं कापलेलं गवत)

८ मिलिमीटर. विम्बल्डनच्या कोर्टावर गवत एवढंच वाढू देतात. पहिल्या आठवड्यात ते कोवळं असतं, अंगात ओल धरून असतं, बूट त्यावर सटकतात. पुढे पाय पडून पडून ते दबतं, बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपाशी, माती उघडी पडते आणि खेळाडूचा पाय ठरू लागतो. पण तिथवर पोचायला आधी पहिला आठवडा निभवावा लागतो.

२०१३ साली तो भल्याभल्यांना निभवता आला नाही.

२४ जून, सोमवार. पंधरवड्यापूर्वीच आठव्यांदा फ्रेंच ओपन जिंकून आलेला राफेल नदाल पहिल्याच फेरीत बेल्जियमच्या स्टीव्ह डार्सिसकडून सरळ सेटमध्ये हरला. डार्सिस जागतिक क्रमवारीत १३५वा! त्याच दिवशी महिलांमध्ये दुसरं मानांकन असलेली व्हिक्टोरिया अझारेंका घसरून पडली. सामना तिने जिंकला, पण गुडघा दुखावला.

आणि मग उजाडला बुधवार, २६ जून.

(दृश्य : कोर्ट क्रमांक २, घसरणारे पाय)

अझारेंका कोर्टावर उतरलीच नाही. डार्सिसचा खांदा गेला होता, त्यानेही माघार घेतली. चिलिच, त्सोंगा, इस्नर, स्टेपानेक, श्वेदोवा... एका दिवसात सात जण दुखापतींमुळे बाद झाले. कोर्ट क्रमांक २ वर मारिया शारापोव्हा पुन्हापुन्हा घसरत होती. कोर्ट धोकादायक आहे, असं तिने पंचांना सांगितलं. पण पलीकडे पात्रता फेरीतून आलेली पोर्तुगालची मिशेल लार्शेर दि ब्रितो त्याच गवतावर पाय रोवून खेळत होती. ६-३, ६-४. शारापोव्हा स्पर्धेबाहेर.

सगळा दोष गवतावर ढकलणं मला पटत नाही. गवत दोघांनाही तेच होतं. आणि त्या दिवसाचा सर्वांत मोठा निकाल लागला तो घसरण्यामुळे नाही. तो लागला एका जुन्या, जवळजवळ टाकून दिलेल्या खेळामुळे.

(दृश्य : सेंटर कोर्ट, कलती उन्हं)

रॉजर फेडरर. गतविजेता, सात वेळा विम्बल्डन जिंकलेला. समोर युक्रेनचा सर्गेई स्टाखोव्हस्की, क्रमवारीत ११६वा. पहिल्या दहातल्या एकाही खेळाडूला त्याने तोवर हरवलेलं नव्हतं.

स्टाखोव्हस्की सर्व्हिस करायचा आणि चेंडूच्या मागोमाग नेटकडे धावायचा. पहिल्या सर्व्हिसवर, दुसऱ्या सर्व्हिसवरसुद्धा. पासिंग शॉट, म्हणजे नेटवर आलेल्याच्या बाजूने काढलेला फटका, बसला तर बसला, पुढच्या गुणाला हा पुन्हा नेटपाशी हजर. सामनाभरात जवळजवळ शंभर वेळा तो पुढे आला. पहिला सेट टायब्रेकरवर गमावला तरी त्याने रीत बदलली नाही. ६-७, ७-६, ७-५. चौथ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये फेडररचा बॅकहँड बाहेर गेला आणि सामना संपला. ग्रँड स्लॅममध्ये सलग ३६ वेळा उपांत्यपूर्व फेरी गाठण्याचा त्याचा क्रमही तिथेच तुटला.

इथे थोडं मागे जायला हवं. जुलै २००१, हेच सेंटर कोर्ट. सात वेळचा विजेता पीट सॅम्प्रस, आणि समोर १९ वर्षांचा एक स्विस मुलगा. सर्व्हिसमागून नेटवर धावत, पाच सेटमध्ये त्या मुलाने सॅम्प्रसला हरवलं. तो मुलगा म्हणजे फेडरर. योगायोग असा, की त्याच वर्षी विम्बल्डनने कोर्टावरचं गवत बदललं. आधी दोन जातींचं मिश्रण पेरायचे, आता निव्वळ राय गवत आलं. ते जास्त टिकाऊ. जमीन टणक राहू लागली, चेंडू नीट उसळू लागला. मागे उभं राहून परतवणाऱ्यांचं फावलं आणि नेटवर धावणारे हळूहळू दिसेनासे झाले. स्वतः फेडररही मागे सरकला.

बारा वर्षांनी त्याला हरवायला त्याचाच जुना खेळ आला. टेनिसमध्ये याहून सुंदर धक्का मी पाहिलेला नाही.

(दृश्य : धावफलक, एकामागून एक नावं)

पुढचं भराभर घडलं. शुक्रवारी स्टाखोव्हस्की ऑस्ट्रियाच्या युर्गेन मेल्झरकडून हरला. लार्शेर दि ब्रितोही तिसऱ्या फेरीतच थांबली. दुसऱ्या सोमवारी सेरेना विल्यम्सची सलग ३४ विजयांची घोडदौड जर्मनीच्या सबिन लिझिकीने रोखली. अंतिम सामन्यात लिझिकीला हरवून फ्रान्सची मारियन बार्तोली विजेती झाली. तिची ही ४७वी ग्रँड स्लॅम स्पर्धा होती. सबंध स्पर्धेत एकही सेट न गमावता तिने चषक उचलला आणि सहा आठवड्यांच्या आत निवृत्ती जाहीर केली.

(दृश्य : ७ जुलै, सेंटर कोर्ट वरून)

शेवटच्या रविवारी अँडी मरेने जोकोविचला हरवलं. फ्रेड पेरीनंतर ७७ वर्षांनी ब्रिटिश पुरुषाने विम्बल्डन जिंकलं होतं. चषक हातात घेऊन मरे कोर्टाला फेरी मारतो आहे. त्याच्या मागे कोर्ट पाहा. दोन्ही बेसलाइन तपकिरी, पार झिजलेल्या. आणि नेटच्या दोन्ही बाजूंना गवत अजून हिरवं आहे.