करडईची विरळणी

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. आज करडईबद्दल बोलू. कोरडवाहू करडईची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरावी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उरकावी. उशिरा पेरलेल्या करडईवर मावा ही रस शोषणारी कीड तुटून पडते, हे तुम्ही जाणताच. पण वेळेवर पेरूनही उतारा घटतो, तो विरळणी, म्हणजे दाट उगवलेली जादा रोपं उपटणं, टाळल्यामुळे. पुन्हा सांगतो, विरळणी टाळल्यामुळे.

लातूरकडे आमच्या नात्यातले एक काका दरवर्षी करडई घ्यायचे. रान काळं, कसदार. पण उगवलेलं रोप उपटायला त्यांचा हात धजत नसे. म्हणायचे, "ताटात वाढलेलं कोणी सांडतं का?" काकू मात्र घराजवळच्या तासांतून, म्हणजे पेरलेल्या ओळींतून, रोज ओटीभर कोवळी रोपं उपटून आणायच्या. मूगडाळ घालून भाजी, वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. भाजीपुरतं म्हणून काका गप्प राहायचे. काढणीच्या वेळी मी तिथं होतो. घराकडच्या तासांत झाडं चौफेर फुटलेली, एकेकाला पंचवीस-तीस बोंडं, सगळी भरलेली. पलीकडं दाटीतली झाडं सरळसोट वाढलेली, शेंड्याला दोन-चार बोंडं, त्यातली निम्मी पोचट. काकांनी दोन्हीकडची बोंडं तळहातावर चोळून पाहिली आणि बांधावरूनच हाक मारली, "अगं, भाजी सगळ्या रानातून का नाही नेलीस?"

ही भाजी हल्ली कमी घरांत शिजते, याचं मला फार वाईट वाटतं. आणि करडईचं तेल खावं तर घाण्याचंच. त्या वासाची सर पिशवीतल्या तेलाला नाही.

तर, काळ्या रानात रब्बीला ओल मोजकीच असते. करडईचं सोटमूळ खोल जातं खरं, पण दाटीत ती ओल फांद्या फुटण्याआधीच वाटली जाते. म्हणून उगवणीनंतर दहा-पंधरा दिवसांत विरळणी करा. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत. एक वीत लक्षात ठेवा. मग कोळपणी, म्हणजे कोळप्यानं ओळींमधली माती हलवून तण काढणं. त्यानं ओल टिकते. एक कोळपणी, अर्धं पाणी, हे आपल्याकडचे जुने लोक सांगतच आलेत.

पाण्याची सोय असेल तर पहिलं पाणी महिन्या-सव्वा महिन्यानं, फांद्या फुटताना, दुसरं फुलोऱ्यात. पाणी हलकं द्या आणि रानाला भेगा पडायच्या आत द्या. भेगाळलेल्या रानात पाणी प्रमाणाबाहेर मुरतं, आणि मुळाशी पाणी साचलं की करडईला मर रोग लागतो, झाडं वाळून जातात.