पयलो डबो

(दृश्य: गिरणीचा पट्टा, उन्हाच्या तिरपीत तरंगणारं पीठ)

सकाळचे साडेसात. मालवण तालुक्यातल्या एका गावची गिरण. पट्टा फिरायला लागला की आधी पत्रा थरथरतो, मग पायाखालची जमीन. कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हात पीठ तरंगतंय. त्यात तांदूळ किती, नाचणी किती, कालचा गहू किती, कोण सांगणार?

रांगेतल्या एका बाईंना मात्र याच प्रश्नाने सहा वर्षं झोप नाही. त्या पहाटे येऊन डबा पुढे ठेवायच्या आणि गिरणवाल्याला ओरडून सांगायच्या, ‘पयलो आमचो डबो घाल, गहू मागसून!’

त्यांच्या मुलीला सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. अन्न शोषून घेणारी आतली मखमल झडते. गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लुटेन बंद, जन्मभर. हे कळायच्या आधी बरीच वर्षं ती नुसत्या लोहाच्या गोळ्या खात होती. रक्त वाढत नव्हतं, आणि का वाढत नाही हे कुणी विचारलं नाही.

आतडं बिघडलं तेव्हा दूधही पचेना, म्हणून ते सुटलं. आतडं भरून आल्यावर दूध पुन्हा पचू शकतं, पण ती परत गेली नाही. पुढे अंडी सोडली, मग मासेही. पहिल्या दोन गोष्टींचं गावाला काही वाटलं नाही. मासे सोडले म्हटल्यावर शेजारीण उंबऱ्यावरच थबकली. ‘मासे पण नाय? मगे खातंस काय?’

चेहरा दाखवायचा नाही, एवढीच तिची अट होती. म्हणून या फिल्ममध्ये तुम्हाला तिचे हात दिसतील.

(दृश्य: जातं, दोन हात, खुंटा)

गिरणीत पहिला डबा घातला तरी दगडांत काल रात्रीचा गहू असतोच. आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नव्हे. हे समजलं त्या दिवशी मायलेकींनी पडवीतलं जातं पुन्हा मांडलं. वीस वर्षं त्याच्यावर कुंडी होती.

आता बघा. वरचा दगड उचलून बाजूला. खुंटा ठोकून घट्ट. दळण मुठीनेच घालायचं, ओंजळीने नाही. घास मोठा झाला की जातं भरड ओकतं. आज नाचणी आहे. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेली, सावलीत वाळवलेली, मंद आचेवर भाजलेली. मोड आणल्याने नाचणीतलं फायटेट, म्हणजे खनिजं अडकवून ठेवणारा घटक, कमी होतं आणि तिच्यातलं कॅल्शियम, लोह अंगाला जास्त लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तितक्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. पाळीच्या कडेने तांबूस पीठ झरतंय, तो आवाज आम्ही कुठेही कापलेला नाही.

ही नाचणी मागच्या वरकस उतारावरची. तिची कापणी दिवाळीच्या सुमारास झाली. तेव्हा आम्ही नव्हतो.

(दृश्य: खळं, कुळथाचे वेल, बडवणाऱ्या काठ्या)

फाल्गुनात मिळाला तो कुळीथ. भात निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, वेगळं पाणी मागत नाही. वेल उपटून खळ्यात वाळवायचे, काठीने बडवायचे, सुपाने पाखडायचे. सुपाच्या एका झटक्यात भूस वाऱ्यावर जातं आणि दाणा जागच्या जागी राहतो. हा झटका आमच्यापैकी तिघांनी करून पाहिला. तो भाग फिल्ममध्ये नाही.

कुळथात शंभर ग्रॅममागे बावीसेक ग्रॅम प्रथिनं. ऐकून छाती फुगते, पण कुळथाच्या पिठीच्या एका वाटीत पीठ जातं दोन चमचे. म्हणजे चार-पाच ग्रॅम. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम लागतात. म्हणून या घरात पिठी असली तरी सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार, मोडाच्या कुळथाची उसळ किंवा वालाचं बिरडं असतंच. भाताबरोबर कडधान्य खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. भातावर पिठी ओतणाऱ्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

(दृश्य: बिडाचा तवा, घावण)

आणि हा तवा. बिडाचा, काळाभोर. तेलात बुडवलेली नारळाची शेंडी फिरवली, तांदळाचं पातळ पीठ कडेकडेने सोडलं, चर्र झालं, जाळी पडली. वर झाकण. झाकणाखालून वाफ सुटली की घावण काढायचं. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. एवढ्या जिनसांत ना गहू, ना दूध. शहरातल्या दुकानात ‘ग्लुटेन फ्री, व्हीगन’ म्हणून चकचकीत पाकिटं मिळतात, त्यांची किंमत आम्हीही पाहिली आहे. इथे घावण न्याहारीला होतं, आंबोळी होती, पेज होती. गहू कोकणात फारसा पिकत नाही; तो घाटावरून आला, रेशनवरून आला. या आईंच्या लहानपणी चपाती व्हायची ती पाहुणा आला तर.

तव्याच्या खुंटीला लाल चिंधी बांधलेली दिसतेय? हा तवा तिचा. घरातले बाकीचे मासे खातात आणि बांगडा रव्यात घोळूनच तव्यावर जातो. रवा म्हणजे गहूच. तिसरा शत्रू फोडणीत सापडला. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. दोन वर्षं सगळं पाळूनही पोट दुखायचं, ते या डबीमुळे. आता फोडणी लसणीची.

(दृश्य: शिरोड्याची मिठागरं, पांढरे ढीग)

शिरोडा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तीच ही मिठागरं. संध्याकाळी वाफ्यांतल्या पाण्यावर आभाळ उतरतं, ते आम्हाला सोडवेना. पण हे खडे मीठ तिच्यासाठी पुरेसं नाही. मासे नाहीत, दूध नाही, मग आयोडीन येणार आयोडीनयुक्त मिठातूनच. तिच्या बरणीत पाकिटातलं मीठ आहे, आणि त्याचा शॉट आम्ही घेतला नाही.

जीवनसत्त्व बी-१२ ही तसंच. ते वनस्पतीतून भरवशाचं मिळत नाही. नाचणीतून नाही, कुळथातून नाही, नारळातून तर नाहीच. त्याची गोळी घ्यावी लागते, नाहीतर हातापायांना मुंग्या येऊ शकतात आणि पुढे नसांची कायमची हानी होऊ शकते. ती गोळी घेते. वर्षातून एकदा रक्त तपासते. आणि गव्हाने पोट बिघडतं अशी शंका असेल तर तपासणीआधीच गहू सोडू नका; सोडलात तर तपासणीत आजार दिसेलच असं नाही.

(दृश्य: शिमगा, अंगण, ढोलाचा आवाज दुरून)

शिमगा. घरात पुरणपोळ्या लाटल्या जातायत, म्हणजे स्वयंपाकघरभर कणीक. म्हणून मायलेकी मागच्या पडवीत. वेगळी चूल, वेगळं पातेलं.

तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात. आधी बुडाले, मग एकेक वर आले. वर आला की शिजला. गोळा गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचा, निवला तर उतरत नाही. एकाने साचा धरायचा, दुसऱ्याने अंगाचा भार देऊन दांडा दाबायचा. पांढऱ्याशुभ्र शेवया केळीच्या पानावर वळणावळणाने पडतायत. शिरवळे. वर नारळाचा दाट रस, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ.

ढोल जवळ आले. पालखी वळणावर दिसली म्हणून आई हात पुसत अंगणात धावल्या. साच्यात एक गोळा तसाच राहिला, आणि एकटीला दांडा दाबता येत नाही.

इथे आवाज खरखरतो, कारण आमच्या साउंडवाल्याने माईक जमिनीवर ठेवला आणि हात धुवायला गेला.